दगडातला बार

आमच्या यांना घाबरट म्हणणाऱ्याचं तोंड मी एकदा भर बाजारात बंद केलंय. पंचवटीत फुलं विकायला बसलो होतो, दिवाळीचे दिवस. कुठंतरी सुतळी बाँब वाजला आन हे पाटी टाकून दुकानाच्या फळीखाली जाऊन बसले. शेजारचा दात काढत म्हणतो, "वाळूदादा बाईमाणसापेक्षा बी भित्रा हाय." मी म्हटलं, "अरे मुडद्या, तुला सुरुंगाच्या विहिरीत उतरवते, मंग सांग कोण भित्रा ते." गप बसला. पण खोटं कशाला बोलू? भितात. लय भितात. आन त्या भीतीनं आमच्या घरात जे दिवस दाखवले, ते माझं मला ठाऊक.

लोक वाळूदादा म्हणतात, मी नाव घेत नाय, मी आपलं "हे" म्हणते. आम्ही मखमलाबादचे माळी. झेंडू, मेथी, कोथिंबीर हे घरचं काम. पण तरणेपणी यांचं खरं काम विहिरीचं होतं. हे आन यांचा धाकटा भाऊ भारत, दोघं मिळून सुरुंग लावायचे. वर ट्रॅक्टरला जोडलेला कंप्रेसर, त्याच्या हवेवर चालणारं ड्रिलचं मशीन, आन खाली काळा कातळ. कातळाला भोकं पाडायची, भोकात जिलेटीनच्या कांड्या घालायच्या, वरून माती ठासायची, वायर वर आणायची आन लांब जाऊन बॅटरीला लावायची. त्याला म्हणतात बार. सगळे बार उडाले तर बरं. एखादा उडत नाय. तो मातीखाली तसाच बसून राहतो, आन त्याला कुणाचं चुकून ड्रिल लागलं की माणूस गोळा करायलाबी सापडत नाय.

कंप्रेसरच्या दणदणाटात वरची हाक खाली ऐकू जात नाय. म्हणून विहिरीवरच्या माणसांचा एक रिवाज असतो. धोका दिसला की काठावरच्यानं दोन्ही हात डोक्यावर उभे करायचे. हात दिसले की खालच्यानं हातातलं टाकायचं आन वर यायचं. मशीन बंद करत बसायचं नाय, चप्पल शोधायची नाय, का म्हणून विचारायचं नाय. विचारायचं ते वर येऊन. आमची शुभांगी लहानपणी भाकरी घेऊन विहिरीवर जायची. एकदा यांनी हात वर केले तेव्हा ती पळता पळता डबा घ्यायला मागं फिरली. यांनी तिच्या गालावर अशी लगावली की पाचही बोटं उठली. जन्मात पोरीवर हात उचलला तो तेवढाच.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात भारत गेला. हे काठावर होते, भारत खाली ड्रिल मारत होता. यांच्या ध्यानात आलं की आदल्या दिवशीचा एक बार उडाल्याचं काय आपल्याला आठवत नाय. यांनी हात वर केले. भारतनं वर बघितलं. बघितलं बरं का, बघितलं नाय असं नव्हे. हसला आन एक बोट दाखवलं, एवढं एक भोक होऊ दे म्हणून. तेवढंच.

लोक सांगतात, धूर बसला तरी हे काठावर हात वर करून तसेच उभे होते. डावा कान कायमचा गेला. पण रडले नाय. भारतच्या दहाव्याला नाय, तेराव्याला नाय, त्याची बायको पोराला घेऊन माहेरी निघाली तेव्हासुद्धा डोळ्यातनं टिपूस नाय. सुरुंगाचं काम त्या दिवशी सुटलं. नंतर आपल्याच मळ्यातल्या विहिरीवर हे कधी गेले नाय, मोटर चालू करायला मीच जायचे. घरात दार जोरात लागलं तरी अंगाचं पाणी पाणी व्हायचं. मी चिडायचे, बोलायचे, मंग मलाच वाईट वाटायचं.

अशा माणसाची पोरगी बारावी झाली आन म्हणते, मी भूगर्भशास्त्र शिकणार. "म्हणजे गं काय?" तर म्हणे दगड. यांनी पुढचं ताट सरकवलं. "साऱ्या दुनियेत शिकायला दगडच राहिलाय व्हय?" मी म्हटलं, "शिकू द्या की. दगड वाचायला शिकतीय, फोडायला नाय." पोरगी शिकली, पहिल्या वर्गात आली. दोन हजार चार साली गंगापूर रोडला एका संस्थेनं नवं संग्रहालय काढलं, तिथं तिला काम मिळालं. कायम नव्हतं, वर्षभर बघू आन मंग ठरवू, असं. पण आमच्या आख्ख्या भावकीत पंख्याखाली बसून पगार घेणारी ती पहिलीच. मी पेढे वाटले.

पेढे वाटले तेव्हा काम काय ते कुठं माहीत होतं! मी आन हे बघायला गेलो. एका मोठ्या दालनात काचेची खोली केलेली. आत साहेब, एक मॅडम आन आमची शुभांगी, आन बाहेर बघणारे लोक. मधल्या टेबलावर हा एवढा दगड, प्लास्टरमध्ये गुंडाळलेला. मी म्हटलं, "अगं बाई, कुणाचा पाय मोडलाय?" शेजारी एक मास्तर होते, ते हसले. म्हणाले, "मावशी, डायनासोरची मांडी आहे ती, चंद्रपूरकडून आणलीय. वाटेत मोडू नये म्हणून प्लास्टर. आता दगड काढून हाड मोकळं करणार." शुभांगीच्या डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, कानांवर आवाज येऊ नये म्हणून टोपणं. हातात जाड पेनासारखं काहीतरी. तान्ह्या लेकराच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तशी ती दगडाची कणी कणी काढत होती. शेजारच्या बाईला सांगून टाकलं, "माझी पोरगी हाय ती!"

आन यांच्याकडं बघते तर हे घामानं भिजलेले. त्या पेनाच्या शेपटाला लाल नळी होती, ती भिंतीतून पलीकडं गेलेली. हे नळीकडं बोट दाखवून म्हणाले, "हवेवर चालतंय ते. मागं कंप्रेसर हाय." मी म्हटलं, "असंल. टाचणीएवढं टोक हाय त्याचं." हे म्हणाले, "ड्रिलच हाय ते. लहान केलंय, दुसरं काय."

त्या दिवसापासून यांचं सुरू झालं. सकाळी बाजारात फुलं द्यायची आन तिथून थेट संग्रहालय. तिकिटाच्या खिडकीवर मंगलाबाई होती, ती शुभांगीचे वडील म्हणून तशीच सोडायची. काचेपुढच्या बाकावर हे दुपारपर्यंत बसायचे. लोकांना वाटायचं इथलाच माणूस हाय. पोरं विचारायची, "आजोबा, हा डायनासोर काय खायचा?" हे म्हणायचे, "काचेला हात लावू नका." हाडाकडं यांचं लक्षच नसायचं. यांची नजर शुभांगीच्या डोक्यावर. ती मान वर करते का नाय, तेवढंच बघायचं. रात्री जेवताना एकच, "अधूनमधून मान वर करत जा गं." ती म्हणायची, "आण्णा, पेन चालू असताना मान वर केली तर हाडाला लागेल." यांचा घास तोंडातच फिरत राहायचा.

पावसाळा संपता संपता आत त्यांनी तो दगड पालथा केला. साखळीची पुली लावून, गाद्या घालून. त्या दिवशी हे घरी आले ते मला ओळख देईनात. शुभांगी येईस्तोवर ओट्यावर उभे. ती गाडीवरनं उतरते न उतरते तोच म्हणाले, "तो दगड निघाला कशातनं?"

"एका गावात विहीर खणत होते, त्यात निघाला. का हो?"

हे खाली बसले. म्हणाले, "त्याच्या खालच्या अंगाला भोक हाय. ड्रिलचं भोक. तोंडाशी माती ठासलीय." शुभांगी म्हणाली, "हो आण्णा, विहिरीवाल्यांनी पाडलेलं आहे. पण तो दगड आणायच्या आधी साहेबांनी सगळं तपासून घेतलंय. तिथल्या माणसांना विचारलंय. काही नाही त्यात." हे म्हणाले, "तपासलं म्हणजे माती काढून बघितलं का?" ती म्हणाली, "ते मला नाही माहीत." मंग हे म्हणाले, "मला साहेबाशी बोलू दे."

पोरगी एकदम चिडली. कधी वर तोंड करून बोलायची नाय, पण त्या दिवशी बोलली. "आण्णा, अजून मी कायम झाले नाही. माझ्या जागेवर टपून बसलेत लोक. तुम्ही रोज येऊन बसता, त्यावरूनच मागं हसतात. आता साहेबांना सांगणार, दगडात सुरुंग आहे? मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील." तिचं खरं होतं. मीबी तिच्याच बाजूनं बोलले. म्हटलं, "तुम्हाला चहाच्या कपातबी सुरुंग दिसतो. पोरीच्या पोटावर पाय देऊ नका. घ्या माझ्या गळ्याची आण, तोंडातनं शब्द काढणार नाय म्हणून." यांनी माझ्या गळ्याला हात लावला. म्हणाले, "नाय काढणार शब्द."

पण मी काय यांना आजची ओळखते? दुसऱ्या दिवशी बाजारातली पाटी चुलत जावेकडं सोपवली आन यांच्यामागं मीबी संग्रहालयात गेले. बाकावर यांना खेटून बसले आन यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून ठेवलं. मनात एकच, आजचा दिवस निभू दे, पोरीची नोकरी राहू दे.

नेमकी एका शाळेची सहल आलेली. काचेला नाकं लावून पोरांची ही गर्दी. आत साहेब कोपऱ्यात काहीतरी लिहीत होते. मॅडम ब्रश घेऊन एका अंगाला, आन शुभांगी दुसऱ्या अंगाला, नेमकी त्या भोकाच्या बाजूला. पेन चालू. काचेतून काही ऐकू येत नव्हतं, पण बाकाला बारीक थरथर जाणवत होती. दगडाचं पीठ उडत होतं आन एका नळीत ओढलं जात होतं. मला ते भोक दिसत नव्हतं, हे दाखवायला लागले तेव्हा दिसलं. आधी वाटलं, नुसता मातीचा डाग. मंग पेन त्याच्या जवळ जवळ सरकायला लागलं तसं माझ्याबी तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, समज ह्यांचं खरं असलं तर? समज साहेब विचारायला गेला तेव्हा त्या गावच्या माणसांनी दिलं असंल काहीतरी उत्तर ठोकून? भारतलाबी काय माहीत होतं?

हे काही बोलले नाय, आण घेतलेली. नुसते माझ्याकडं बघत होते. बैल कसा दावं सोडायची वाट बघतो, तसे. मी शुभांगीकडं बघितलं. खाली घातलेली मान, मानेवरचे बारीक केस. कशाची नोकरी अन् कशाचं काय! माझी मूठ सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली.

हे उठले, पोरांमधनं वाट काढत काचेजवळ गेले आन दोन्ही हात डोक्यावर उभे केले.

आधी पोरं हसली. मंग दोघा-तिघांनी यांच्यासारखेच हात वर केले, त्यांना वाटलं खेळ हाय. त्यांच्या बाई म्हणाल्या, "ओ काका, बाजूला व्हा, मुलांना दिसत नाही." यांना ऐकू आलं का नाय देव जाणे. हे हलले नाय. आन शुभांगी काही मान वर करीना. पेन चाललेलं. यांचे हात कापायला लागले, खांद्यापासून. मी बाकावरनं उठले आन तिथंच भिंतीला धरून उभी राहिले. मनात म्हणत होते, बघ गं बाय, बघ, एकदा वर बघ.

आधी मॅडमनं बघितलं. तिला हसू आलं. तिनं शुभांगीच्या कोपराला बोट लावलं आन बाहेर दाखवलं, तुझे वडील म्हणून.

शुभांगीनं मान वर केली. हे दिसले. तिच्या तोंडाला फडकं, डोळ्यांवर चष्मा, मला तिचं काय झालं ते कळलं नाय. एवढं दिसलं की हातातलं पेन तिनं तसंच चालू सोडून दिलं. ते हाडावर पडलं, तिथनं खाली. एका हातानं मॅडमचं मनगट धरलं, जाता जाता साहेबांच्या शर्टाला हिसका दिला, दार ढकललं आन तिघं बाहेर. बाहेर येऊन ओरडली, "मुलांना मागं घ्या! सगळे मागं व्हा!" पोरं किंचाळत दाराकडं पळाली. मंगलाबाई खिडकी सोडून धावत आली. साहेब नुसता विचारतोय, "काय झालं? आग लागलीय का? शुभांगी, काय झालं?"

तेव्हा ती म्हणाली, "आण्णा, काय झालं?"

यांनी हात खाली घेतले आन सांगितलं. भोकाचं, मातीचं, ठासलेल्या बाराचं. साहेब ऐकत होते आन त्यांचा चेहरा लाल लाल होत चालला होता. पोरांना अंगणात नेऊन बसवलं. साहेब एकटेच आत गेले. मी म्हटलं, "नका जाऊ," पण त्यांनी ऐकलं नाय. पेन बंद केलं, बारीक तार घेतली, भोकातली माती उकरून काढली, पार तळापर्यंत. बोटभरच खोल होतं ते. वरचा भाग विहिरीतच फुटून गेलेला, हे आपलं उरलेलं बूड. आत माती, आन मातीखाली दगड. दुसरं काही नाय. साहेबांनी ती माती कागदावर घेतली आन बाहेर आणून यांच्यापुढं धरली. "बघा. आणण्याआधी आम्ही हेच करून बघितलं होतं. नंतर प्लास्टर करताना पुन्हा माती भरली, कड ढासळू नये म्हणून. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

यांनी माती बोटानं चुरून बघितली. म्हणाले, "नाय काही. बरं झालं."

"काय बरं झालं?" साहेबांचा आवाज चढला. "हाडाचा टवका उडालाय! आत या, बघा." साहेब वाईट माणूस नव्हता हो. त्याचं हाड तुटलं होतं, तो तरी काय करणार. मी पदर पुढं करून म्हटलं, "साहेब, आमची चूक झाली, पोरीची नाय. तिला काढू नका." शुभांगी भिंतीला टेकून उभी, चष्मा कपाळावर, तोंडावरचं फडकं गळ्यात, दगडाच्या पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मंग म्हणाले, "उद्या लवकर ये. टवका जोडायला दिवस जाईल. आणि वडिलांना यापुढं इथं आणायचं नाही. पुन्हा दिसले तर तुझं काम संपलं." यांनी मान हलवली. बरं म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. भीती उतरली की मला राग येतो, तसा आला. यांना काय बोलणार? हे पुढं चालले होते, खाली मान घालून. मंग मी पोरीवर घसरले. ती रडत होती, रडत रडत म्हणत होती, "सगळ्यांसमोर तमाशा झाला, आई. सहा महिने मान मोडून काम केलं आणि माझ्याच हातानं हाड तुटलं."

मी म्हटलं, "मंग उठलीस कशाला गं एवढी? तुला माहीत होतं ना काही नाय म्हणून? काल रात्री तूच सांगत होतीस ना? बसायचं होतंस काम करत. त्या मॅडमसारखं हसून सोडून द्यायचं होतंस."

ती थांबली. मी काहीतरी येड्यासारखं विचारलं असं माझ्याकडं बघायला लागली. "आण्णांचे हात वर होते ना. हात वर असताना मी कशी बसून राहणार?"

हे चार पावलं पुढं होते, आन यांचा उजवा कान आमच्या बाजूला होता. जागीच थांबले. मागं वळून तिच्याकडं बघितलं, आन एकदम पायऱ्यांवर बसले. मला वाटलं चक्कर आली. धावत गेले तर हे रडत होते. मोठ्यानं, तोंड उघडून, लहान पोर रडतं तसे. इतक्या वर्षांत मी यांना असं कधी बघितलं नव्हतं. सहलीची पोरं अंगणातनं बघायला लागली. मंगलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आन तशीच उभी राहिली.

यांनी माझा हात धरला. "आली गं," म्हणाले. "हात बघितले आन आली."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. शुभांगी दुसऱ्या बाजूला बसली, आन तिनं आपल्या पिठाळलेल्या हातांनी यांचं तोंड पुसलं. यांच्या तोंडावर पांढरे फराटे उठले, पण ते पुसून घ्यायचं आमच्यातल्या कुणालाच सुचलं नाय.